तेलविहिरींच्या शेजारची मोजदाद

नायजेरियात 1956 साली ओलोइबिरी येथे व्यापारी प्रमाणावर तेल सापडले, 1958 पासून त्याची निर्यात सुरू झाली आणि नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातून किती पिंपे तेल निघते हा देशाच्या अर्थकारणातील कळीचा आकडा ठरला. परंतु त्या तेलाच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबांनी काय गमावले, याची मोजदाद मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिली. ही मोजदाद करणे, म्हणजे उत्पन्न, आहार, आरोग्य, कर्ज आणि जमिनीचा हक्क यांत झालेले बदल घरोघरी जाऊन तपासणे, हे सामाजिक-आर्थिक संशोधनाचे काम होय.

हे काम दिसते तितके सरळ नाही. ओहोटीच्या वेळी तेथील स्त्रिया कांदळवनाच्या चिखलात उतरून लहान गोगलगायी वेचतात, त्यांतील काही बाजारात विकतात आणि उरलेल्या घरी शिजवतात. कोकणात खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या कमाईप्रमाणेच ही कमाईही कोणत्याही वहीत चढत नाही. चिखलावर तेलाचा थर बसला की ती बुडते आणि जे अन्न फुकट मिळत होते ते विकत घ्यावे लागते, तरी कागदोपत्री नुकसान शून्यच राहते. त्यामुळे केवळ कुटुंबप्रमुखाला मासिक उत्पन्न विचारणारी प्रश्नावली येथे निरुपयोगी ठरते; स्त्रियांना स्वतंत्रपणे आणि हंगामवार विचारावे लागते.

आरोग्याच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. गरीब भागात बालमृत्यू मुळातच अधिक असल्याने त्यातील तेलाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. ब्रुएडर्ले आणि होडलर या संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी एकाच आईच्या, तेलगळतीपूर्वी आणि तेलगळतीनंतर गर्भात आलेल्या मुलांची तुलना केली. तेव्हा घरापासून 10 किलोमीटरच्या आत गर्भधारणेपूर्वी गळती झालेली असल्यास नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सुमारे 38 ने वाढल्याचे आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2011 मध्ये याच त्रिभुज प्रदेशातील ओगोनीलँडचा अहवाल दिला, त्यात तर एका वस्तीतील पिण्याच्या विहिरींत बेंझिन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून अधिक असल्याची नोंद आहे.

ओगोनीलँडमधीलच बोडो येथे 2008 मध्ये तेलवाहिनी दोनदा फुटली आणि 2015 साली शेल या तेल कंपनीच्या नायजेरियन उपकंपनीने 5 कोटी 50 लाख पौंडांची तडजोड मान्य केली, ज्याच्या एका भागातून सुमारे 15,600 दावेदारांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे 2,200 पौंड आले. सात वर्षे बुडालेल्या उपजीविकेपुढे ही रक्कम तुटपुंजीच म्हणावी लागेल. तेल येण्यापूर्वीच्या स्थितीची पाहणी झालेली नसेल, तर नुकसान सिद्ध करण्याचा भार मच्छीमारावरच पडतो. म्हणून पहिली विहीर खोदण्यापूर्वी अशी पाहणी कंपनीच्या खर्चाने, परंतु तिच्या नियंत्रणाबाहेर, कायद्याने सक्तीची व्हावी आणि तिचे निष्कर्ष गावाच्या भाषेत गावाच्या हाती दिले जावेत.