गर्दी, पाऊस आणि शहाणपण

गर्दीत सापडलेल्या किंवा पावसात अडकलेल्या माणसाचे वागणे दुरून पाहणाऱ्याला नेहमीच वेडगळ वाटते. बंगळूरमधील दोन प्रसंग मात्र निराळेच काही सांगतात.

मे २०२३ मध्ये वळवाच्या पावसाने के. आर. सर्कलजवळचा भुयारी मार्ग तुंबला. त्या पाण्यात एक मोटार शिरली आणि आतील एका तरुणीचा अंत झाला. गढूळ पाणी आपली खोली दाखवीत नाही. शिवाय फूट-दोन फूट पाण्यातही हलकी मोटार तरंगू लागते आणि चालकाचा ताबा सुटतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवासाठी लोक लोटले. आत सुमारे ३५ हजारांची जागा. बाहेर लाखांवर माणसे. चेंगराचेंगरीत ११ जण दगावले. अशा गर्दीत पुढे काय चालले आहे हे मागच्याला दिसत नाही. तो सहज एक पाऊल टाकतो, आणि अशा हजारो पावलांचा भार पुढच्यांच्या छातीवर येतो. एका चौरस मीटरमध्ये ६-७ माणसे झाली की समुदाय पाण्यासारखा हेलकावू लागतो. माणूस मरतो तो बहुधा तुडवला जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या श्वास कोंडून.

तेव्हा उणीव बुद्धीची असते त्याहून अधिक माहितीची असते. पाण्याच्या तोंडाशी वेळीच घातलेला अडसर आणि गर्दीच्या मागच्या टोकाला पोचणारा ध्वनिक्षेपक यांनी जे साधते, ते मागाहून केलेल्या हळहळीने साधत नाही. आज दुरून हसणाराही उद्या त्याच गर्दीत उभा असतो.