१,२०,००० मैल पळालेला रॅप्टर हिवाळ्यासाठी घ्यावा का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' बरेचसे कापलेत, सगळे नाही.

यावेळचा प्रश्न मिशिगनमधल्या एका श्रोत्याचा. नोकरी आयटीत, व्हिसा एच-वन-बी, आणि बायको हॉस्पिटलमध्ये नाइट शिफ्टला. सकाळी साडेपाचला, रस्ता साफ व्हायच्या आत तिला आणायला जावं लागतं. त्यांनी २०१७ चा फोर्ड एफ-१५० रॅप्टर बघून ठेवलाय, १,२०,००० मैल झालेला. म्हणजे जवळपास १ लाख ९३ हजार किलोमीटर. जमवलेले सगळे पैसे त्यात जाणार. प्रश्न एका ओळीचा: "घेऊ का?"

मीही डेट्रॉइटच्या आसपासच राहतो आणि मेकॅनिक नाही, कोड लिहितो. पण जुनी गाडी तपासणं हे दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचण्यासारखंच आहे. वरून छान दिसतो, खरी गोष्ट लॉगमध्ये असते. तर लॉग कुठे कुठे बघायचे, ते सांगतो.

आधी ही गाडी काय आहे?

रॅप्टर म्हणजे वाळवंटात जोरात पळवायला बनवलेला पिकअप. पहिली पिढी २०१० ते २०१४. दुसरी पिढी २०१७ ते २०२०: ३.५ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-६ इंजिन, ४५० हॉर्सपॉवर, १० गिअरचा ऑटोमॅटिक, फॉक्स कंपनीचे जाडजूड शॉक ॲब्सॉर्बर. ही गाडी इथेच बनते, डिअरबॉर्नच्या कारखान्यात. वजन अडीच टनांच्या आसपास. मायलेज शहरात १५, हायवेला १८ मैल प्रति गॅलन. आपल्या भाषेत सरासरी लिटरला सात किलोमीटरपेक्षाही कमी. आणि ही साध्या एफ-१५० पेक्षा बरीच रुंद आहे, तेव्हा आधी गॅरेजचं दार मोजा. हसू नका, खरंच मोजा.

फोर व्हील ड्राइव्ह चालवतं, थांबवत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. फोर व्हील ड्राइव्हमुळे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते, म्हणून बर्फातून गाडी निघते. पण ब्रेक तर साध्या कोरोलालाही चारही चाकांना असतात. थांबताना प्रश्न एकच उरतो: टायर रस्त्याला किती धरतो? तिथे अडीच टन वजन तुमच्या बाजूने नसतं. शिवाय पिकअपचा मागचा हौदा रिकामा, म्हणजे मागची चाकं हलकी. सिग्नलवरून जरा जोरात निघालात की शेपूट फिरते. म्हणून इथले लोक हिवाळ्यात मागच्या ॲक्सलच्या वर वाळूच्या गोण्या ठेवतात. त्या बांधून ठेवा, नाहीतर ब्रेक मारल्यावर त्याच पुढे येतील.

टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर मऊ राहतं, फरक तो. क्यूबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात. रॅप्टरवर येणाऱ्या ऑल-टेरेन टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं. ते बर्फासाठी ठीक आहेत, पण काळ्या आइसवर खऱ्या विंटर टायरची बरोबरी करत नाहीत. तेव्हा टायरचा एक सेट बजेटमध्ये धराच.

दुसऱ्या पिढीत एक चांगली सोय आहे: '४ए' मोड. अर्धा रस्ता कोरडा, अर्धा बर्फाचा असला तर गाडी स्वतः गरजेप्रमाणे पुढच्या चाकांना ताकद देते. पहिल्या पिढीत हे नाही. तिथलं '४ हाय' कोरड्या डांबरावर लावून वळलात की सगळी यंत्रणा आखडते.

खरा शत्रू: मीठ

डेट्रॉइट शहराच्या खाली, हजार फुटांपेक्षा खोल, मिठाची खाण आहे. तिथलं मीठ इथल्या रस्त्यांवर पडतं. बर्फ वितळतो आणि तेच खारं पाणी गाडीच्या पोटाला लागतं.

आता गंमत बघा. दुसऱ्या पिढीची बॉडी ॲल्युमिनियमची, ती तांबडी गंजत नाही. फोटोत गाडी चकाचक दिसते. पण खालची फ्रेम स्टीलची! ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनचे भाग, बोल्ट, सगळं खालीच. म्हणून गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फ्रेमवर हातोडीने हलकेच ठोका. टणक आवाज आला तर वरवरचा गंज. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर नमस्कार करून निघा. फ्रेमला नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर जास्त संशय घ्या.

"मग ॲरिझोनाची गाडी आणू?" गंज नसेल, पण ती वाळूत उड्या मारून आलेली असू शकते. शॉकमधून तेल गळतंय का, खालच्या स्किड प्लेटला खोल चरे आहेत का, ते बघा. टेक्सासची असेल तर पुराची गाडी नाही ना, हे हिस्टरी रिपोर्टमध्ये तपासा.

चार लॉग बघाच

एक, थंड स्टार्ट. विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन रात्रभर बंद ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. या इंजिनात कॅम फेझरचा त्रास माहितीतला आहे. चालू करताच दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. दुरुस्तीला काही हजार डॉलर लागू शकतात.

दोन, इंजिनचे तास. डॅशबोर्डच्या मेनूत एकूण तास आणि आयडल तास दिसतात. १,२०,००० मैल भागिले ४,००० तास म्हणजे सरासरी ताशी ३० मैल, गाडी हायवेची. तेच तास ७,००० असतील तर सरासरी १७. म्हणजे गाडी उभ्या उभ्या धुरात बसलीये, आणि इंजिन मैल सांगतात त्याहून जास्त थकलंय.

तीन, ओबीडी स्कॅनर. स्वस्त मिळतो, फोनला जोडतो. फक्त एरर नाही हे बघून खूश होऊ नका, 'रेडिनेस' बघा. बरेच मॉनिटर 'नॉट रेडी' दिसले तर कुणीतरी नुकतेच एरर पुसलेत. लॉग डिलीट करून डेमो दिल्यासारखं!

चार, गिअर. थंड असताना आणि गरम झाल्यावर, दोन्ही वेळा चालवा. हळू वेगात धक्के बसतात का, ते बघा. मग ४ए, ४ हाय, ४ लो एकेक लावून पाहा.

हे सगळं करूनही स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. मिशिगनमध्ये गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी नाही, त्यामुळे तुमच्याआधी कुणी खाली वाकून बघितलंच असेल, याची खात्री नाही.

मग घ्यायची का?

प्रश्न सुरक्षित घरी येण्याचा असेल, तर ऑल व्हील ड्राइव्हची साधी क्रॉसओव्हर आणि चार विंटर टायर हे काम कमी पैशात करतात. रॅप्टर घ्यायचा तर रॅप्टर आवडतो म्हणून घ्या, हिवाळ्याचं निमित्त नको.

आणि सगळी बचत तर त्यात घालूच नका. एच-वन-बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. त्या काळात दारात उभा रॅप्टर घाईने विकावा लागला तर भाव समोरचा ठरवतो. टायर, तपासणी आणि एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवून, वर सहा महिन्यांचा घरखर्च उरत असेल, तर जरूर जा, लिफ्टवर चढवा, ठोकून बघा. उरत नसेल तर यंदा क्रॉसओव्हर. वहिनींना सकाळी साडेपाचला गाडीचा हॉर्सपॉवर नको असतो, गाडी वेळेवर यायला हवी असते.

तुमचेही असे प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. गाडी हळू चालवा!