जालन्याच्या पाण्याचे कागद

जालना जिल्ह्याचे पाणी समजून घ्यायला बसले की आधी चार नकाशे गोळा करावे लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत ४६ पी, ४७ एम, ५५ डी आणि ५६ ए या चार मोठ्या चौकटी २० अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश जिथे छेदतात तिथे एकमेकींना भिडतात. तो बिंदू पडतो देऊळगाव राजाजवळ, जालन्याच्या शिवेलगत. त्यामुळे भोकरदन एका चौकटीत, जालना, बदनापूर, अंबड दुसरीत, जाफराबाद तिसरीत आणि परतूर, मंठा चौथीत. दुधना नदी बदनापूरकडून परतूरकडे जाताना चौकट बदलते. तिचे खोरे सलग पाहायचे तर कागद शेजारी शेजारी पसरावेच लागतात.

तेही सगळे मिळाले तर. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके आणि परभणीचा परतूर मिळून. त्याआधीच्या अहवालांवर ‘जालना जिल्हा’ असे कुठे नसणारच. इथली माहिती औरंगाबाद आणि परभणीच्या नावाखाली, १९५६ पूर्वीची हैदराबाद राज्याच्या नावाखाली लावलेली असते. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे भूगर्भ खाते होते आणि त्याचे जर्नलही निघत असे. १८८४ साली निजाम सरकारने औरंगाबादचे गॅझेटिअर काढले. महाराष्ट्राने काढलेली त्याची सुधारित आवृत्ती १९७७ची. आता औरंगाबादचेही छत्रपती संभाजीनगर झाले. संगणकाच्या शोधचौकटीत ‘जालना’ एवढाच शब्द टाकणाऱ्या विद्यार्थ्याला यातले निम्मेही सापडणार नाही. म्हणून मला वाटते, या जुन्या कागदांच्या डिजिटायझेशनचे खरे अवघड काम स्कॅनरचे नाही, सूचीचे आहे. प्रत्येक अहवालाला जुना जिल्हा, आजचा जिल्हा, तालुका, नदीखोरे आणि टोपोशीटचा, म्हणजे स्थलदर्शक नकाशाचा, क्रमांक अशा पाच खुणा लागल्या, तर तो कागद जालन्याचा होतो.

जुन्या कागदांची एवढी गरज का? कारण इथला खडक. सगळा जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर बसला आहे. लाव्हाचे थर एकावर एक, मधूनमधून लाल मातकट पट्टा. वरच्या मुरुमात आणि मांजऱ्या खडकाच्या भेगांत पाणी मुरते. खाली घट्ट काळा पाषाण लागला की बोअर कोरडे जाते. शेजारच्या बांधावर पाणी आणि आपल्याकडे धुरळा, हा अनुभव जालन्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. कुठल्या गावात किती फुटांवर कोणता थर लागला, हे एका वर्षाच्या मोजणीतून कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७१ मध्ये सुरू झाली. राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडून निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना, घेत आली आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरी वेगळ्या. १९७२च्या दुष्काळानंतरची ही मोजमापे सलग मांडली, तर २०१२-१३ मध्ये जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, त्याआधी पाणी किती वर्षे खाली जात होते ते डोळ्यांना दिसेल.

दुखणे आहे ते घडीच्या नकाशांचे. भूगर्भाच्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग बहुधा मागच्या खिशात असतो, चार-सहा घड्या घातलेला. पुस्तके घाऊक स्कॅन करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत या घड्या उलगडल्याच जात नाहीत. गूगल बुक्सच्या कितीतरी जुन्या पुस्तकांत नकाशाच्या जागी घडीची नुसती पाठ दिसते. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तल्या प्रतींतही हे आढळते. मजकूर वाचला आणि नकाशा गेला, तर पाण्याच्या अहवालात उरते काय? नकाशा खिशातून काढून, हलक्या हाताने सपाट करून, मोठ्या स्कॅनरवर किमान ४०० डीपीआयने रंगीत घ्यायला हवा. रंग खरा आला पाहिजे, कारण दोन लाव्हाप्रवाहांतला फरक कधी कधी फिकट आणि गडद हिरव्या छटेएवढाच असतो. नकाशातल्या खुणांचा अर्थ देणारी पट्टी आणि प्रमाणरेषा कापली जाता कामा नये.

मग तो नकाशा पृथ्वीवर बसवायचा. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरते. जुनी टोपोशीटे एव्हरेस्ट या गोलाभावर बेतलेली आहेत, मोबाइलमधले जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालते. हे रूपांतर विसरले, तर जालन्याच्या अक्षांशावर शंभर-दीडशे मीटरांचा फरक पडतो, म्हणजे तुमची विहीर दुसऱ्याच्या गटात जाते. पाण्याच्या कामात ही चूक परवडत नाही.

कायद्याची बाजूही ग्रंथपालाला माहीत हवी. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशनाची प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. सरकारी प्रकाशनेही त्यात येतात, पण ‘केवळ कार्यालयीन वापरासाठी’ असलेली वगळून. भूजलाच्या ज्या अहवालांवर तो शिक्का बसला, ते ग्रंथालयात न येता कार्यालयांच्या कपाटातच राहिले. दुसरीकडे सरकारी ग्रंथावरचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९६० पर्यंतचे सगळे आज निर्धास्त स्कॅन करता येते. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर नोंदी सूचीबद्ध आणि संगणकीकृत करण्याची जबाबदारी खात्यांवरच टाकते. नकाशांवरची जुनी बंधने २००५च्या धोरणाने आणि पुढे २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बरीच सैल झाली.

करून दाखवणारे आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने सरकारी अहवाल मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर आणले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’वर नकाशे पाहता येतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८४ पासूनचे आपले स्थलदर्शक नकाशे एकेक करून स्कॅन केले आणि सर्वांना मोफत खुले केले. आपल्याकडे कमी पडते ती जिल्ह्याची पातळी. नागपूर, पुणे, हैदराबाद इथल्या कपाटांत विखुरलेले एकत्र बांधून जालन्याच्या वाचकासमोर ठेवणारे कुणी नाही.

आणि ते वाचणारी माणसे इथे आहेत. जालन्याजवळच्या कडवंचीत १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाचे काम झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतार मोजून समतल चर आणि बांध घातले गेले. नंतरच्या दुष्काळातही गावातल्या द्राक्षबागा तगल्या. अशा गावाला भूगर्भाचा नकाशा आधीच हाती मिळाला असता, तर किती खड्डे वाचले असते!

जिल्हा ग्रंथालयाने सुरुवात एका कपाटापासून केली तरी चालेल. पहिल्या फळीवर त्या चार चौकटींची टोपोशीटे, दुसरीवर १९८१ पूर्वीच्या औरंगाबाद आणि परभणीच्या अहवालांच्या प्रती, तिसरीवर निरीक्षण विहिरींची गावनिहाय मोजमापे. प्रत्येकाची स्कॅन प्रत ग्रंथालयाच्या संगणकावर, आणि गावाचे नाव मराठीत टाकले की उघडणारी. बोअरची गाडी बोलावण्याआधी अंबडच्या शेतकऱ्याला तिथे येऊन आपल्या शिवाराचा थर पाहता यावा, त्याची छापील प्रत घरी नेता यावी.