मेलेला मासा विचार करतो का?

मागच्या व्याख्यानात आपण 'पुरावा कशाला म्हणायचं' या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज एका माशाला सोबत घेऊन पुढे जाऊ.

२००९ साली अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका परिषदेत एक प्रयोग मांडला. त्यांनी मेलेला सॅल्मन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रं दाखवली आणि विचारलं, या माणसांच्या मनात कोणती भावना असेल? मासा काय बोलणार! पण आकडे बोलले. त्याच्या मेंदूतले काही ठिपके 'सक्रिय' दिसले.

मग यंत्र खोटं का? तसं नाही. अशा यंत्राच्या एका नेहमीच्या मेंदूचित्रात सुमारे १,३०,००० सूक्ष्म घन मोजले जातात. प्रत्येक घनाला 'हजारात एक चूक चालेल' अशी सूट दिली, तर निव्वळ योगायोगाने १३० घन उजळू शकतात. इतक्या तुलना केल्या हे हिशेबात धरताच माशाचे सगळे ठिपके मावळले.

मेंदूतल्या 'जोडण्यां'चंही असंच. एफएमआरआयमध्ये जोडणी म्हणजे तार सापडली असं नव्हे; दोन भागांतले संकेत एका लयीत वरखाली होतात, एवढंच. मेंदूचे १०० भाग पाडले तर जोड्या होतात ४,९५०. शंभरात पाच चुका चालवून घेतल्या, तर मुळात संबंध नसतानाही अडीचशेच्या आसपास जोड्या 'जोडलेल्या' ठरतील.

माशाच्या त्वचेचा अभ्यास हा वेगळाच प्रांत. अडचण मात्र तीच. त्या बुळबुळीत थरात नाना प्रकारचे जीवाणू असतात. समजा, निरोगी आणि आजारी माशांत २०० प्रकार ताडून पाहिले. त्याच सवलतीने दहाएक प्रकार उगाचच दोषी ठरतील. त्यांच्यावर औषध टाकलं तर पैसा पाण्यात, आणि मासा आजारीच. माशाच्या जागी मनोरुग्ण माणूस असेल तर?

आपले नैयायिक सांगत, धूर आणि अग्नी एकत्र दिसले एवढ्याने व्याप्ती सिद्ध होत नाही. अग्नीवाचून धूर कुठे आढळतो का, हेही शोधावं लागतं. म्हणून 'संशोधनात आढळलं' असं वाचलं की आपण दोन गोष्टी विचारू या: एकूण किती तुलना केल्या? आणि नव्या नमुन्यात तेच पुन्हा दिसलं का?