नखाने उठणारी पांढरी रेघ

दिवाळीच्या सुमारास पोटरीवरून नख फिरवलं की पांढरी रेघ उठते. शाळेत आम्ही त्या रेघांनी हातावर नावं लिहायचो, मागच्या बाकावर फुल्या-गोळाही खेळायचो. ‘थंडी आली’ एवढाच तिचा अर्थ तेव्हा ठाऊक होता. पण थंडीच्या आधी येतो तो कोरडेपणा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून मोसमी पाऊस परततो, समुद्राकडचं दमट वारं थांबतं आणि जमिनीवरचं कोरडं वारं सुरू होतं. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात दुपारी अंग भाजत असतानाच ओठ फुटू लागतात. स्वेटर अजून ट्रंकेतच असतो.

“पाणी पीत नाहीस, म्हणून अंग उलतं,” हे घरोघरी ऐकू येतं. पाणी जरूर प्यावं, पण ज्याला आधीच पुरेसं पाणी मिळतंय त्याची कातडी आणखी दोन तांबे प्यायल्याने मऊ होत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तळहात-तळपाय सोडले तर केसाहूनही पातळ. तो वीटकामासारखा रचलेला असतो. पेशी या विटा, आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं हा त्यांच्यामधला चुना. चुना झिजला की भिंत झिरपते आणि आतला ओलावा कोरड्या हवेत उडून जातो. भेगा भिंतीला पडल्यात, आपण मात्र टाकी भरत बसतो.

हा चुना खरवडतो कोण? बहुतेकदा आपणच, रोज सकाळी न्हाणीघरात. साबण लावल्यावर अंग करकरीत लागलं, चेहरा ओढल्यासारखा झाला की आपल्याला स्वच्छ वाटतं. तो ताण म्हणजे घाणीबरोबर चुनाही धुऊन निघाल्याची खूण. त्वचेचा सामू 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साबणाच्या साध्या वडीचा 9 ते 10. त्यात कढत पाणी. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते, म्हणून माणूस आणखी दोन तांबे घेतो आणि तासाभराने दुप्पट खाजवतो. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, आणि साबण फक्त काखा, जांघा, पावलं यांना; थंडीत एवढी आंघोळ पुरते. रोज डाळीच्या पिठाने घासणाऱ्यांनीही हात जरा आवरावा. अभ्यंगाच्या दिवशी उटणं लावायला माझी ना नाही. वर्षातून तीन-चार दिवसांनी काही बिघडत नाही, आणि आधी चोपडलेलं तेल त्वचेला थोडं सांभाळूनही घेतं.

तेलाबद्दलचा घोळ वेगळा आहे. तेलाने ओलावा मिळतो, असं आपण धरून चालतो. पण तेलात पाणी नसतंच. तेल हे झाकण आहे, आणि रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग? आंघोळीनंतर अंग पंचाने नुसतं टिपावं आणि ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांत, खोबरेल किंवा क्रीम लावावं. संध्याकाळी खरखरीत झालेल्या कोरड्या अंगावर तेच तेल निम्म्यानेही काम करत नाही. महाग ऑलिव्ह ऑइलच्या मागे लागू नये. त्यातलं ओलेइक आम्ल भिंतीचा चुना विस्कटतं, हे प्रयोगांत दिसलं आहे.

झाकण म्हणून साधं व्हॅसलीन उत्तम. त्याने त्वचा काळी पडते, हा समज कुठून आला कोण जाणे. काळं पडतं ते खाजवून. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर प्रत्येक ओरखडा महिनोन्‌महिने डाग ठेवून जातो. टाचांच्या भेगांना मात्र कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमतेल, मला जास्त पटतं. घरात ते गोळ्यासारखं घट्ट असतं आणि 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून भेगेत भरलं की ओघळत नाही, तिथेच बसतं. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवावेत, टिपावेत, ते वितळवून भरावं आणि वर सुती मोजे घालावेत.

‘घरगुती आहे, अपाय कसला?’ याला उत्तर लिंबू. आधीच उललेल्या चेहऱ्यावर ते चरचरतंच, शिवाय तो रस लावून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डाग पडू शकतात. निव्वळ ग्लिसरीनही कोरड्या हवेत आतलंच पाणी वर ओढतं. ते पाण्यात मिसळून लावावं आणि वर झाकण द्यावं.

मुलांच्या गालांवर फिकट पांढुरके डाग दिसले की आजी म्हणते जंत, शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी. मग जंताचं औषध, मग गोळ्या. हे डाग बहुधा कोरड्या त्वचेच्या सौम्य इसबाचे असतात. भोवतालची त्वचा उन्हाने रापली की ते उठून दिसतात. साध्या क्रीमवर ते काही महिन्यांत विरतात. ते कोडही नव्हे. पण डाग दुधासारखा पांढराशुभ्र असेल तर डॉक्टरांना दाखवावा.

सगळ्यांत घातक समज असा, की खाज म्हणजे बुरशी आणि त्यावर दुकानातलं ‘खाजेचं मलम’. यातल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने लावतो. त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो, आणि बुरशी खरोखर असेल तर ती फोफावते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती गल्लीत मिळतातच. घरातली नळी आज हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर ती नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बरेच दिवस लावत असाल, तर त्यांना विचारूनच थांबवा.