गाणारा नट : एम. के. त्यागराज भागवतर

प्रस्तावना

मराठी संगीत नाटक म्हटले की बालगंधर्वांचे नाव आपल्या ओठांवर येते. त्याच काळात दक्षिणेतही एका गायक नटाने रंगभूमी व चित्रपट ही दोन्ही क्षेत्रे गाजवली. तो नट म्हणजे तंजावर परिसरात जन्मलेले एम. के. त्यागराज भागवतर. दोन महायुद्धांच्या दरम्यान त्यांची कारकीर्द कशी बहरली आणि पुढे तिला कोणते वळण लागले, याची माहिती या पाठात आपण घेणार आहोत.

तंजावरची भूमी

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर येथे 1676 पासून 1855 पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते. हे राजे कलांचे आश्रयदाते होते. काही तर स्वतःच ग्रंथकार होते. शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतील आद्य नाटकांपैकी एक मानले जाते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अशा नाटकांची हस्तलिखिते जतन केलेली आहेत.

राज्य गेले, तरी ही देवाणघेवाण थांबली नाही. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनपरंपरेला कर्नाटक संगीताची जोड मिळाली आणि तमिळ प्रदेशात हरिकथेचे नवे रूप घडले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तेथील हरिकथाकारांच्या गायनात मिसळून गेले. अशा गायक कथाकारांना ‘भागवतर’ म्हणत. पुढे ही उपाधी गायक नटांच्या नावामागेही लागू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे एक मराठी गृहस्थ गोविंदस्वामी राव यांनी मनमोहन नाटक कंपनी काढली. तमिळ व्यावसायिक रंगभूमीच्या प्रारंभीच्या मंडळ्यांत तिची गणना होते.

जडणघडण

त्यागराज यांचा जन्म 1 मार्च 1910 रोजी मायावरम येथे, सोनारकाम करणाऱ्या कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी तंजावर जिल्ह्यात होते. आज ते मयिलादुतुरै या नावाने ओळखले जाते व 2020 पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. कुटुंब तिरुचिरापल्लीस स्थायिक झाले. मुलाचे मन शाळेपेक्षा गाण्यात अधिक रमे. तेथील रसिक रंजन सभेचे एफ. जी. नटेश अय्यर यांनी त्याचा आवाज हेरला आणि ‘हरिश्चंद्र’ नाटकात त्याला राजपुत्राची भूमिका दिली. तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. त्यानंतर व्हायोलिनवादक मदुरै पोन्नू अय्यंगार यांच्याकडे त्याने कर्नाटक संगीताचे शिक्षण घेतले.

त्या काळी नटाला आवाजाची एवढी तयारी का लागे? नाटके रात्रभर चालत. ध्वनिवर्धकाची सोय नसे. मागच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पद पोहोचवायचे, तर उंच पट्टीत आणि तरीही सुरेल गावे लागे. ज्याला हे साधे, तोच नायक ठरे. एस. जी. किट्टप्पा हे या परंपरेतील थोर गायक नट. परंतु 1933 मध्ये ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. भागवतरांनी ‘पवळक्कोडी’ या नाटकात अर्जुनाची भूमिका केली. एस. डी. सुब्बुलक्ष्मी यांच्यासह त्यांची जोडी लोकप्रिय झाली.

नाटकातून बोलपटात

1931 साली पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ प्रदर्शित झाला आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. बोलपटांना गाणारी माणसे हवी होती, ती रंगभूमीवर तयार होती. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम यांनी 1934 मध्ये ‘पवळक्कोडी’वर चित्रपट काढला. त्यात नायक-नायिका नाटकातीलच ठेवले. सुब्रह्मण्यम मूळचे पापनाशमचे, म्हणजे तंजावर भागातलेच. या चित्रपटात सुमारे पन्नास गाणी होती. आज ही संख्या नवलाची वाटेल. परंतु त्या वेळच्या प्रेक्षकाला नाटकातील पदांची सवय होती.

याच सुमारास, 1935 मध्ये, बालगंधर्वही प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. तथापि बालगंधर्वांचे खरे वैभव रंगभूमीवरच राहिले, तर विशीतल्या भागवतरांचा चित्रपटात उत्कर्ष झाला.

1937 मध्ये त्यांचे ‘चिंतामणी’ आणि ‘अंबिकापती’ हे चित्रपट आले. बिल्वमंगलाच्या कथेवरील ‘चिंतामणी’ एकाच चित्रपटगृहात वर्षभर चालला. ‘अंबिकापती’चे दिग्दर्शन एलिस डंगन या अमेरिकन दिग्दर्शकाने केले होते. भागवतरांच्या अनेक गीतांची रचना पापनाशम शिवन यांनी केली. शिवन हे कर्नाटक संगीताचे मान्यवर वाग्गेयकार होते. त्यामुळे सभागृहातील शास्त्रीय राग ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे सामान्य माणसाच्या कानी पडू लागले. भागवतरांच्या कर्तृत्वाचा हा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

कळस आणि आघात

1944 च्या दिवाळीत सुंदरराव नाडकर्णी दिग्दर्शित ‘हरिदास’ प्रदर्शित झाला. तंजावरच्या टी. आर. राजकुमारी त्यात भागवतरांबरोबर होत्या. आईवडिलांना दुखावणारा मुलगा पश्चात्तापाने त्यांच्या सेवेस लागतो, हे त्याचे सूत्र. मराठी वाचकाला येथे भक्त पुंडलिक आठवल्यावाचून राहणार नाही. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात हा चित्रपट तीन दिवाळ्या चालला.

मात्र हे यश भोगण्यास नायक मोकळा नव्हता. नोव्हेंबर 1944 मध्ये लक्ष्मीकांतन या पत्रकाराचा खून झाला. या प्रकरणात भागवतर व विनोदी नट एन. एस. कृष्णन यांना अटक झाली आणि 1945 मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. पडद्यावर त्यांचे गाणे ऐकण्यास गर्दी लोटत होती, तेव्हा ते स्वतः तुरुंगात होते. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. फेरसुनावणी होऊन एप्रिल 1947 मध्ये दोघेही निर्दोष सुटले.

न्यायालयाने निर्दोष ठरवले, तरी गेलेला काळ परत मिळाला नाही. पार्श्वगायनाची पद्धत रुळली होती. नटाने स्वतः गाण्याची गरज उरली नव्हती. प्रेक्षकांची आवडही बदलत होती. ‘राजमुक्ती’ (1948), ‘अमरकवी’ (1952) या चित्रपटांना पूर्वीचे यश लाभले नाही. 1 नोव्हेंबर 1959 रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

समारोप

भागवतरांनी एकंदर चौदाच चित्रपट केले. तरीही तमिळ चित्रपटातील पहिले मोठे लोकप्रिय नायक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ज्या गायनकलेने त्यांना उंचीवर नेले, तिचे पडद्यावरील स्थान त्यांच्या हयातीतच बदलले. कलावंताची कीर्ती केवळ त्याच्या गुणांवर नव्हे, तर काळाच्या मागणीवरही अवलंबून असते, हे या चरित्रावरून ध्यानात येते.

विचार करा

1. ध्वनिवर्धक नसल्याचा नटांच्या गायनावर कोणता परिणाम झाला?
2. मराठी आणि तमिळ कलापरंपरांमधील देवाणघेवाण पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
3. निर्दोष सुटूनही भागवतरांना पूर्वीचे यश का लाभले नाही? तुमचे मत लिहा.