कान लावून पाहायची शर्यत

टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा. चहूबाजूंनी उंच स्टँड, मध्ये पस्तीस-चाळीस गाड्या, आणि एक फेरी साधारण पंधरा सेकंदांत संपणारी. या वाडग्यात एवढी इंजिनं एकदम घुमायला लागली की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. अशा पाचशे फेऱ्या. पुढे कोण आणि एक फेरी मागे कोण, हे थोड्याच वेळात डोळ्यांना कळेनासं होतं. म्हणून अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींचा मुरलेला प्रेक्षक कानांवर जाडजूड हेडफोन चढवतो आणि कमरेला स्कॅनर अडकवतो.

स्कॅनर म्हणजे वॉकीटॉकीएवढा रिसीव्हर. त्यावर बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. संघांचे रेडिओ बहुतेक 450 ते 470 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्या दिवसाच्या फ्रिक्वेन्सींची यादी ट्रॅकबाहेर स्टॉलवर विकत मिळते, स्कॅनर भाड्यानेही मिळतो. सोय म्हणून गाडीचा नंबर तोच चॅनेलचा नंबर ठेवतात. यंत्र प्रत्येक चॅनेलवर डोकावत जातं, कुणी बोलत असेल तिथे थांबतं आणि बोलणं संपल्यावरही उत्तर येईल म्हणून जरासं रेंगाळतं. संवाद रंगात आला की ‘होल्ड’ दाबायचं.

सर्वाधिक बोलतो तो स्पॉटर. हा माणूस स्टँडच्या छतावर उभा असतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर बंद हेल्मेट, मानेला आधाराचा पट्टा, सीटच्या दोन्ही बाजूंना उंच कडा. वळून पाहायची सोयच नाही. 2001 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नॅस्कारने मान सांभाळणारं हे साधन सक्तीचं केलं. तेव्हापासून स्पॉटरवरची भिस्त आणखी वाढली. आत आहे, अजून आत आहे, दारापाशी, मागच्या चाकापाशी, क्लिअर! शेजारच्या गाडीबद्दल एवढंच तो तासन् तास सांगतो, पण त्या ‘क्लिअर’वर विश्वास ठेवून ड्रायव्हर न बघता गाडी आत घेतो.

दुसरा आवाज क्रू चीफचा, म्हणजे गाडीच्या तंत्रज्ञांच्या म्होरक्याचा. पेट्रोलच्या काट्याविना धावणाऱ्या गाडीत किती इंधन उरलं, याचा हिशेब पिटमधला माणूस करतो. गाडीचं शेपूट सुटतंय की नाक वळत नाही, यावर त्याची आणि ड्रायव्हरची हुज्जत चालते. माझ्या मते पहिल्या नंबरची गाडी ऐकण्यात फारशी मजा नाही; तिथे सगळे शांत असतात. पंचविसाव्या नंबरवर कुढत चाललेल्याचा चॅनेल लावावा. शिव्याही तिथेच ऐकायला मिळतात.

पण ही चोरून ऐकण्याची गंमत फक्त प्रेक्षकांची नाही. प्रतिस्पर्धी संघही एकमेकांवर कान ठेवून असतात. म्हणून क्रू चीफ कधी कधी ‘पिटमध्ये ये’ किंवा ‘येऊ नको’ असं म्हणतच नाही. पुढचा जे करेल त्याच्या उलट कर, एवढंच सांगतो.

मोकळ्या रेडिओचा सर्वांत मोठा दणका बसला 7 सप्टेंबर 2013 च्या रात्री, रिचमंडला. विजेतेपदाच्या अंतिम टप्प्यासाठी बारा ड्रायव्हर ठरायचे होते. सात फेऱ्या उरल्या असताना मायकल वॉल्ट्रिप रेसिंगचा क्लिंट बोयर गरकन फिरला, पिवळा झेंडा लागून गाड्यांचा वेग रोखला गेला आणि त्याचा जोडीदार मार्टिन ट्रूएक्स आत सरकला. फिरण्याआधी रेडिओवर बोयरचा हात दुखतोय का, असल्या विचित्र चौकश्या झाल्या होत्या. नॅस्कारला तेवढ्यावरून हेतू सिद्ध करता आला नाही. पण संघाचा अधिकारी टाय नॉरिस याने तिसरा ड्रायव्हर ब्रायन विकर्सला विनाकारण पिटमध्ये बोलावलं, तेही रेडिओवर होतं, आणि ते पुरलं. 3 लाख डॉलर दंड झाला, तिन्ही गाड्यांचे 50-50 गुण कापले, ट्रूएक्सच्या जागी रायन न्यूमन आला. पुढे जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून घेतलं. स्पॉटरच्या छतावर डिजिटल रेडिओला मनाई झाली. जे बोलायचं ते अ‍ॅनालॉगवर, सगळ्यांना ऐकू येईल असं. खेळाच्या नियामकांनी प्रेक्षकांच्या कानांवर एवढा भरवसा टाकल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

याउलट फॉर्म्युला वनमध्ये संघांचे रेडिओ कूटबद्ध असतात. टीव्हीवर आपल्याला ऐकू येतं ते निर्मात्याने निवडलेलं. आपल्याकडे तर 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने स्कॅनरसारखं यंत्र परवान्याशिवाय बाळगायलाच बंदी घातली होती. घरातल्या साध्या रेडिओचंही लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. अमेरिकेत स्कॅनरवर मोबाइल फोन ऐकायला मज्जाव आहे, शर्यतीतला उघडा रेडिओ ऐकायला नाही.

हल्ली हे संवाद मोबाइल अ‍ॅपवरही मिळतात. पण इंटरनेटवरून येणारा आवाज काही सेकंद मागे असतो, आणि ब्रिस्टलला तेवढ्यात ‘क्लिअर’ म्हटलेली गाडी दुसऱ्या वळणावर पोचलेली असते. त्यामुळे स्टॉलवाल्याकडे शर्यतीच्या सकाळी अजून रांग असते.